बाजूला बसलेला गडी

आमच्या वाडीतल्या बायका मला विहिरीवर गाठतात. आधी उन्हाचं बोलतात, मग आंब्याच्या मोहराचं, आणि कळशी उचलायच्या वेळेला हळूच विचारतात, "कुंदा, तुजं ते... तसंच झालेलं ना गो?" मी मोठ्याने विचारते, "ते म्हणजे कुठलं?" की कळशी घेऊन पळतात. एकेकीला कोपऱ्यात गाठून सांगायचा मला कंटाळा आला, म्हणून हे लिहायला बसले आहे. जुनी अकरावी पास आहे, तेवढं लिहिता येतं. डॉक्टरकी मला येत नाही. मी केलेला मूर्खपणा मात्र मला नीट सांगता येतो, आणि तो मी कोणाची भीड न ठेवता सांगणार आहे.

माझी पाळी बेचाळिसाव्या वर्षी गेली. हे एवढं वाक्य बोलायला मला आठ महिने, एक मोडका हात आणि दवाखान्यातले सहा दिवस लागले. ज्यांना वाचायची लाज वाटत असेल त्यांनी इथेच थांबावं, पण शेजारणीला वाचायला द्यावं.

मैदानाचे दिवस

आमचं गाव रत्नागिरीहून एसटीने पाऊण तासावर, आरे-वारेच्या अलीकडे. घरात मी आणि माझी सासू. तिला मी आये म्हणते. आमचे हे मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला येतात. मुलगा त्यांच्याकडे, लेक लग्न होऊन चिपळूणला.

शाळेत मी कबड्डी खेळायचे. चढाईला गेले की समोरच्या मुली मागे सरकायच्या, असा माझा दम होता. लग्न झालं आणि ते सगळं ट्रंकेत गेलं. पुढे छत्तिसाव्या वर्षी माझी मैत्रीण शेवंता महिला मंडळाच्या बैठकीत म्हणाली, "हळदीकुंकू किती वेळा करायचं? संघ काढूया." माघी गणपतीला देवळासमोरच्या मैदानात दुपारी बायकांचे सामने व्हायचे, त्यात आम्ही उतरलो. साड्यांना कासोटा मारून खेळलो. पहिल्या वर्षी लोक हसायला आले, दुसऱ्या वर्षी बघायला आले.

सरावाला वेळ कुठून काढायचा? गोठा, पाणी, चूल, भाताची कामं आणि सत्तरीची सासू. तर तो वेळ मला माझ्या पाळीने दिला. आमच्या घरात बाईने महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं. पडवीत वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. शहरातल्या बायकांना हे वाचून माझी कीव येईल. खुशाल येऊ दे. मला महिन्यातून तेवढीच रजा होती. आये म्हणायची, "दारात लुडबुड करू नको, जा कुटं जायचं तितं." मला जायचं तिथे मी जायचे. पोटात दुखायचं, तरी जायचे. जिला घरात कोणी शिवत नव्हतं, तिला मैदानावर सातजणी मिळून धरायच्या, आणि कुणाचा देव बाटला नाही.

बाकीचे सव्वीस दिवस मी दम वाढवायचे. रिकामी कळशी विहिरीवर ठेवायची आणि "कबड्डी कबड्डी" म्हणत निघायचं, एका श्वासात. विहिरीपासून परसाच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत, आणि तिथून परत तुळशीपर्यंत. हे माझं माप होतं. तुळशीला पोचले की मी स्वतःवर खूश.

कोरी फडकी

पहिल्यांदा माप चुकलं तेव्हा मला वाटलं सर्दी असेल. तुळशीऐवजी गडग्यावरच दम सुटला. महिन्याभराने गडगाही येईना, अलीकडच्या आंब्याच्या खुंटाजवळच तोंड उघडलं. सकाळी गुडघे धरलेले असायचे, पडवीच्या पायऱ्या मी एकेक करून उतरायचे. झोप तुटायची. आणि ती वाफ! पोटातून उठायची, छातीवरून मानेवर, मानेवरून कपाळावर. चुलीपासून दूर बसलेली मी घामाने निथळायचे आणि छातीत धडधड सुरू व्हायची. शेवंताला वाटलं मला टीबी झाला. मला वाटलं हृदय.

त्याच सुमाराला पाळी मागेपुढे होत होत थांबली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात एकच विचार आला, तो सांगायची आता लाज वाटते. विचार असा, की हे आयेला कळलं तर माझे चार दिवस गेले. पाळी गेलेली बाई आमच्याकडे तीसही दिवस देवाच्या आणि चुलीच्या कामाची. तिला रजा नाही. मग सराव कधी करणार?

म्हणून मी बाजूला बसत राहिले. खोटी.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी नखाने खूण करायचे. दिवस भरला की सकाळी पडवीत जाऊन चटई अंथरायची. आये काही न विचारता कळशी उचलायची. कोरी फडकी मी पाण्यात बुचकळून, पिळून, न्हाणीघराच्या मागे वाळत घालायचे. न मळलेली फडकी धुणारी बाई रत्नागिरी जिल्ह्यात मी एकटीच असेन. एवढं नाटक करून मैदानावर जायचे आणि तिथे काय, तर दोन चढायांत धापा. शेवंता म्हणायची, "तुला काय झालंय ते एकदा बघून घे." मी म्हणायचे, "काही नाही, उन्हाचं आहे."

आठ महिने असं चाललं. दिवाळीनंतरच्या सरावात मी चढाईला गेले, मधेच ती वाफ आली, डोळ्यांपुढे काळं झालं आणि मी उजव्या हातावर पडले. साधं पडणं. अंगणात पोर पडतं तसं. पण हात मनगटात काटकन मोडला. तो आवाज शेवंतानेही ऐकला.

सहा दिवस

रत्नागिरीला एका दवाखान्यात नेलं. हात प्लास्टरमध्ये घातला, पण डॉक्टरांचं लक्ष हाताकडे नव्हतं, नाडीकडे होतं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. "चक्कर किती दिवस येते? धडधड होते? घाम?" मी सगळ्याला हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "पाळी नियमित आहे का?"

आये खाटेपाशी उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, आणि केवढ्या अभिमानाने! "एकदम वेळेवर, डॉक्टर. एक दिवस इकडंतिकडं नाय. मीच वाढतंय ना तिला चार दिवस."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्या वेळी मी तीन शब्द बोलले असते तर पुढचे दोन महिने वाचले असते. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जे ठेवलं त्यावरून त्यांनी हिशेब केला. ते म्हणाले, हृदयावर ताण दिसतोय, या गोळ्या घ्या, जड उचलायचं नाही, पळायचं नाही. "आणि कबड्डी?" मी विचारलं. ते हसले. त्यांना वाटलं मी मुलांच्या खेळाबद्दल विचारतेय. कळल्यावर म्हणाले, "ते विसरा आता."

खेळ टिकावा म्हणून मी खोटं बोलत होते, आणि त्याच खोट्याने माझा खेळ बंद केला. त्या दुपारी मी चादर तोंडात धरून रडले. हात दुखतोय म्हणून रडते असं सगळ्यांना वाटलं.

दवाखान्याचा दिवस पहाटेच्या फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. मग चहा, मग नर्सबाईंची आरडाओरड, मग तासन्तास काहीच नाही. माझ्या बाजूच्या खाटेवर पारू होती, बंदरावरची मासळीवाली, पायाला जखम झाली म्हणून आलेली. तिच्याकडे येणारी प्रत्येक बाई दवाखान्यात बाजाराचा आवाज घेऊन यायची. आये डबा आणायला गेली असताना मला वाफ आली. पारू उशीला टेकून बघत होती. माझा घाम पुसून झाल्यावर तिने अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "पाळी गेली काय गो तुजी?"

"नाही!" मी म्हटलं.

"माज्याशी खोटं बोल, पन डॉक्टरशी नको बोलू," ती म्हणाली आणि पदराने स्वतःला वारा घालू लागली. "माजी गेली तवा टोपली डोक्यावर ठरंना. मानेवरनं घाम, पायांत गोळे. नवरा बोलला, बस घरात. मी काय केलं, टोपलीत चार मासळी कमी भरली. बाजार नाय सोडला."

या बाईने मला ते एका वाक्यात दिलं जे पुढे गोळ्यांनीही दिलं नाही. पण तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून झोपले.

तारीख

मी घरी आले तेव्हा आमचे हे आठ दिवसांची रजा काढून आले होते. जाताना मला म्हणाले, "पोराचं लग्न जमवायचंय. लोक विचारतील, होणाऱ्या सासूबाईंचा हात कशाने मोडला? काय सांगू, कबड्डीने?" मी म्हटलं, "हो. तेच सांगा. विहिरीत पडले असते तर बरं दिसलं असतं का?" मुंबईहून आलेल्या पत्रात पुन्हा तेच होतं. मला त्यांचा राग आला आणि अजून आहे. इथे लपवत नाही.

आये मात्र माझ्याशी फार चांगली वागली. उजवा हात गळ्यात, म्हणून ती मला भात कालवून द्यायची, माझी वेणी घालायची. सत्तरीची बाई, गुडघे वाकलेले, रोज दोन्ही वेळचं पाणी ओढून आल्यावर माझ्या केसांना तेल लावत बसायची. मला तिच्या बोटांची भीती वाटायला लागली, कारण कॅलेंडरवरचा दिवस जवळ येत होता. बाजूला बसले तर मला भरवणार कोण, वेणी घालणार कोण? तिला शिवता येणार नाही. आणि नाही बसले तर?

नाही बसले. दिवस गेला. आणखी आठ गेले. एका सकाळी वेणी घालता घालता तिचा हात थांबला.

"कुंदा, तारीख उलटली."

मी डाव्या हाताने तेलाची वाटी पुढे केली.

"दिवस गेले की काय गो?" आणि मग एकदम भडकून, "मेल्याला मोडक्या हाताच्या बायकोची तरी दया यायला हवी होती! आठ दिवसांसाटी आला तो!"

मला हसू फुटलं. पोट धरून हसले, मग हसता हसता रडले आणि त्यातच बोलून गेले. "आये, दिवस नाहीत गेले. पाळी गेली. केव्हाच गेली."

"मंग तू बसत व्हतीस ती?"

"खोटी बसत होते. खेळायला जाता यावं म्हणून."

ती देवाचं काढेल याची मला खात्री होती. त्याचं उत्तर मी कधीपासून तयार ठेवलं होतं, की मी बाटलेलीच नव्हते तर देव बाटेल कसा. पण तिने देवाचं नावच घेतलं नाही. फणी खाली ठेवली आणि म्हणाली, "अन् माजं गुडगं?"

मी मैदानावर असायचे त्या दिवसांत विहिरीवर ती असायची. खरे चार दिवस असोत की खोटे, माझी रजा तिच्या गुडघ्यांवर निघत होती. रूढीला नावं ठेवणं सोपं असतं. त्या रूढीत मी एका म्हातारीला राबवलं होतं, आणि हे मला तिने विचारेपर्यंत सुचलंही नव्हतं. मला स्वतःची शरम वाटली.

दोन दिवस ती नुसती कामापुरती आली. भरवायची, वेणी घालायची, की परत गोठ्यात. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "माजी गेली तवा मी त्याच दिवशी सासूला सांगितलं. खुशीत सांगितलं. वाटलं, सुटलं. आता देवाची पूजा माज्या हातात." मग केसांच्या गुंत्यातून फणी ओढली. "त्या दिवसापासून एक दिवस पाठ टेकली नाय बग मी. खरं बोलून काय भेटलं?"

तेव्हा मी ते बोलले जे आधीच बोलायला हवं होतं. "आये, मला महिन्याचे चार दिवस हवेत. पाळी असो नसो. कारण कोणी विचारायचं नाही."

"अन् मला?"

"तुलाही चार. त्या चार दिवसांत मी चुलीपाशी आणि तू पडवीत."

"पडवीत काय करू बसून?"

"काही करू नको."

काहीच न करणं ही गोष्ट तिला इतकी नवी होती की तिने ती दोनदा विचारून घेतली. पण पुढच्या महिन्यात माझं प्लास्टर निघालं आणि तिने आपणहून पडवीत चटई अंथरली. वाडीत कुजबुज झाली. म्हातारीला या वयात काय झालं म्हणून एकजण चौकशीला आली. आये आडवी पडूनच म्हणाली, "काय नाय झालं. म्हनूनच बसलंय."

खरं सांगून बघितलं

रत्नागिरीत एक बायकांची डॉक्टर आली होती. तिच्याकडे आम्ही दोघी गेलो. मी खुर्चीवर टेकते न टेकते तोच आये म्हणाली, "पाळी गेली हाय तिची. आदी खोटं सांगितलेलं. आता खरं लिवा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकलं. परत पट्टी काढली, तपासलं. हृदय ठणठणीत होतं. त्या म्हणाल्या, बाईच्या अंगात हार्मोन म्हणून एक रस असतो. तो हाडं धरून ठेवतो, झोप देतो, अंगातली ऊब सांभाळतो. तुमचा तो लवकर आटला. म्हणून वाफा, म्हणून धडधड, म्हणून एवढ्याशा पडण्याने हात मोडला. आधीच्या गोळ्या बंद केल्या, दुसऱ्या काही महिने दिल्या. कुठल्या ते इथे लिहीत नाही, कारण माझं अंग माझं आणि तुमचं तुमचं. नाचणी खा, सालासकट खाता येतो तो सुका जवळा खा, उन्हात चाला.

"आणि खेळ?" मी विचारलं.

"पूर्वीसारखा नाही जमणार," त्या म्हणाल्या. "खोटी आशा मी देणार नाही. पण खाटेवर बसलात तर हाडं आणखी पोकळ होतील. हात भरू द्या. मग हळूहळू अंगात ताकद आणा. आधीच्या शरीराचा खेळ या शरीराकडे मागू नका. याला काय येतं ते बघा."

त्या वर्षीचा माघी सामना मी बांधावर बसून बघितला. आमचा संघ हरला. पण पावसाळा संपल्यावर मी परसातला ढासळलेला गडगा बांधायला घेतला. आधी लहान धोंडे, मग अर्धा चिरा, मग अख्खा जांभा चिरा. माणूस लावला असता तर आठवड्यात झाला असता. मला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने मला हवेच होते. विहिरीपासूनचा दम कधी तुळशीपर्यंत गेला नाही, आजही जात नाही. चांगल्या दिवशी गडगा, वाईट दिवशी खुंट. पण मांड्यांत जोर आला आणि एक गोष्ट कळली. मी आयुष्यभर चढाई केली, पकड कधी केलीच नाही. चढाईला दम लागतो. पकडीला थांबता यावं लागतं. कोपऱ्यात उभं राहून समोरचीचा पाय नेमका कधी लांब पडतो ते बघत राहायचं. थांबायला मी आता शिकले होते.

माघी

पुढच्या वर्षी समोर पूर्णगडच्या मुली होत्या. विशी-बाविशीच्या, उन्हात तापलेल्या, वाऱ्यासारख्या. त्यांची पहिली चढाईवाली माझ्यासमोर आली आणि दमात असल्यामुळे तिला बोलता येईना, पण डोळ्यांनी "आजी" म्हणालीच. दुसऱ्या चढाईत तिचा पाय लांब पडला. मी घोटा धरला आणि सोडला नाही. उठताना तिने माझ्याकडे बघितलं, या वेळी वेगळं.

तीन पकडी केल्या. मग आमच्या चढाईवाल्या दोघी दमल्या आणि शेवंता म्हणाली, "तू जा." मी गेले. मध्यरेषा ओलांडली आणि दोन पावलांत ती वाफ आली. पोटातून, छातीवरून, मानेवर. दोन वर्षांपूर्वी मी घाबरले असते. आता तिची माझी ओळख होती. ये बाई, म्हटलं मनात, तू तुझं काम कर, मी माझं करते. एकीला हात लावला, वळले, आणि रेषेच्या दोन हात अलीकडे दम सुटला. पंचांची शिट्टी वाजली. बाद.

मैदानाबाहेर येऊन मी रेषेपाशी बसले. घामाने भिजलेली, धापा टाकत. बांधावर सगळ्यात पुढे आये बसली होती. तिचे चार दिवस चालू होते. सकाळचा स्वयंपाक मी करून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा ती कबड्डी बघत होती, आणि तिला नियम एकही माहीत नव्हता.

"ही बाजूला का बसली?" तिने ओरडून विचारलं. लोक हसले.

"बाद झाली ती, आजी," कोणीतरी सांगितलं.

"बाद म्हंजे? संपलं?"

मी मान वळवून म्हटलं, "नाही आये. आपल्यातल्या कुणी त्यांचा गडी मारला की बाजूला बसलेला गडी परत आत जातो."

आये पदर खोचून उभीच राहिली, गुडघ्यांवर हात देऊन, आणि मैदानावर असेल नसेल त्या प्रत्येकीवर ओरडायला लागली, "मारा गो! मारा एकीला! आमची बाहेर बसलीय!"

शेवंताने कोपऱ्यात पकड केली. धूळ खाली बसली. पंचांनी पूर्णगडच्या मुलीला बाहेर काढलं आणि बोट माझ्याकडे केलं.

"ऊठ," आये म्हणाली.

मी उठले आणि आत गेले.